बंधाऱ्याचे बरगे काढताना ठेकेदाराचा मजूर गेला, नोटीस खात्याला आली. सरकारी वकिलांकडे नेमकं काय घेऊन जायचं?

बरगेवाला_टेबल

नमस्कार मंडळी. पाटबंधारेच्या एका उपविभागातल्या कोर्ट टेबलाचा प्रश्न आहे. उपविभागाचं नाव मुद्दाम देत नाही.

२८ मे २०२४ ला एका को. प. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यावर पावसाआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायचं काम चालू होतं. काम ठेकेदाराकडे. खाचेत गाळ बसून एक लोखंडी बरगा अडकला. चेन-पुलीला ताण दिल्यावर साखळी सुटली आणि मजूर खालच्या अंगाला खडकावर पडला. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेईपर्यंत संपलं होतं. आता जानेवारी २०२६ मध्ये कामगार न्यायालयातून कर्मचारी नुकसानभरपाईची नोटीस आली. अर्जदार पत्नी, दोन मुलं आणि म्हातारी आई. सामनेवाले तीन: ठेकेदार, कार्यकारी अभियंता, महाराष्ट्र शासन. तारीख तीन आठवड्यांनी.

अर्जात वय ४० आणि मजुरी रोज ६०० लिहिलीय. आधारवर वय ४५ दिसतं, ठेकेदार मजुरी ४५० सांगतो. शिवाय तो म्हणतो, "घरच्यांना दोन लाख रोख दिले, स्टॅम्पवर सह्या घेतल्यात, विषय मिटला." वरच्या साहेबांचं म्हणणं, "आपला मजूर नव्हे एवढंच लिहून द्या, दुसरं काही नको."

विचारायचं ते असं. सरकारी वकील आपोआप उभे राहतात की आपण काही करायचं असतं? "आपला मजूर नव्हे" हे टिकतं का? आणि भरायची वेळ आलीच तर पैसे कुठल्या हेडातून (लेखाशीर्षातून) टाकायचे?

सरकारबाजू_कोपू

आपोआप कुणी उभं राहत नाही. नोटीस खात्याला लागते, वकिलाला नाही. आवक शिक्का मारून त्याच दिवशी जिल्हा सरकारी वकील कार्यालयाला पत्र द्या. सोबत नोटीस आणि पूर्ण अर्ज हवा, नुसतं नोटिशीचं एक पान नव्हे. तिथून प्रकरण एखाद्या सहायक सरकारी वकिलांकडे जातं. शासनाच्या वतीने वकीलपत्र लागत नाही, ते हजर असल्याचा मेमो देतात. तो मेमो पहिल्या तारखेला लागला नाही तर एकतर्फी हुकूम होतो, मग तो रद्द करून घ्यायला अर्ज, उशीर माफीचा अर्ज, कॉस्ट, अशी वरात सुरू होते.

पण त्याआधी एक गोष्ट बघा, कारण इथेच निम्मे लोक चुकतात. ते काम शासनाचं होतं की महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाचं? कार्यारंभ आदेशावर आणि देयकावर कुणाचं नाव आहे, निधी कुणाचा होता? महामंडळ ही कायद्याने वेगळी संस्था आहे, तिचे पॅनेलवरचे वकील वेगळे. जिल्हा सरकारी वकिलांकडे प्रकरण पाठवायचं, त्यांनी दोन महिन्यांनी "हे आमचं नाही" म्हणून परत करायचं, आणि मधल्या काळात "म्हणणे नाही" (लेखी उत्तर आलं नाही) असा हुकूम व्हायचा, हे नेहमीचं. अधिकारी तोच, शिक्के दोन, त्यामुळे गोंधळ होतो. जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेलाही हेच लागू: त्यांचे वकील त्यांनी नेमायचे.

आता "आपला मजूर नव्हे." टिकत नाही, आणि का टिकत नाही ते साहेबांना कागदावर दाखवा. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम १२ म्हणतं, मालकाने आपल्या धंद्याचा भाग असलेलं काम ठेकेदाराकरवी केलं तर मजुराची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, जणू मजूर त्याचाच. यावर खातं हमखास म्हणतं, "पाटबंधारे म्हणजे धंदा नव्हे." त्याचं उत्तर १९२३ पासून कायद्यातच आहे. कलम २, पोटकलम २: स्थानिक प्राधिकरणाची किंवा शासकीय खात्याची कर्तव्यं म्हणजेच त्याचा व्यापार-धंदा, असं मानायचं. बंधारा अडवणं आणि मोकळा करणं हे तर खात्याचं रोजचं काम.

दुसरा बचाव येईल परिशिष्टाचा. परिशिष्ट २ ची आठवी नोंद वाचा. १२ फूट किंवा त्याहून उंच धरण-बांध, किंवा रस्ता, पूल, बोगदा, कालवा यांचं बांधकाम, देखभाल, दुरुस्ती. तळापासून माथ्यापर्यंत बंधाऱ्याची उंची किती ते नकाशावरून काढून ठेवा. बऱ्याच को. प. बंधाऱ्यांवरून गाड्या जातात, म्हणजे पूल म्हणूनही तो त्या नोंदीत बसतो. उंची १२ फुटांच्या आत असेल आणि वरून वाहतूक नसेल तरच या मुद्द्यावर बोलण्यात अर्थ आहे. नसेल तर वकिलांना तो मुद्दा घ्यायला भाग पाडू नका, बाकीच्या बचावाचं वजन जातं.

मग लिहायचं काय? थेट नोकरीचं नातं नाही हे लिहा, ते खरंच आहे. पण त्याच म्हणण्यात, पहिल्याच वेळी, कलम १२(२) खाली ठेकेदाराकडून भरून मिळण्याचा हक्क मागा. तो हक्क किती आणि कसा, हे दावा ऐकणाऱ्या आयुक्तांनाच (इथे कामगार न्यायालयाला) ठरवता येतं. मागितलाच नाही तर हुकूम निघतो "सामनेवाल्यांनी एकत्रित व वेगवेगळे द्यावेत", अर्जदार ज्याच्याकडे पैसे हमखास मिळतील त्याच्याकडे येतो, म्हणजे खात्याकडे, आणि ठेकेदाराच्या मागे पुन्हा वेगळी लढाई.

परिच्छेदनिहाय अभिप्राय पाठवताना "मान्य नाही, मान्य नाही" अशी माळ लावू नका. परिच्छेद, खात्याची वस्तुस्थिती, नस्तीतलं (फाईलमधलं) पान, एवढं द्या. अपघात झाला हे शाखा अभियंत्याच्या अहवालात आहे आणि म्हणण्यात अपघातच नाकारलाय, असं झालं तर उलटतपासात पहिल्या पाच मिनिटांत साक्षीदार उघडा पडतो. वकील बोलतो ते नस्ती जेवढं बोलू देते तेवढंच.

सोबत द्यायचे कागद: निविदा अटींसह करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, त्या महिन्याचं देयक, ठेकेदाराचा हजेरीपट आणि मजुरी वाटपाची नोंद, शाखा अभियंत्याचा अपघात अहवाल, पोलीस ठाण्याची आकस्मिक मृत्यूची नोंद, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. हजेरीपट ठेकेदार देत नाही म्हणून सोडून देऊ नका. लेखी मागा, पोच घ्या, ती पोचही जोडा.

कामगारबाजू

मी समोरच्या बाकावरचा, तरी खरं तेच सांगतो. यात अर्जदाराला लांबवायचं काहीच कारण नसतं, उलट खात्याला प्रत्येक महिना महाग पडतो. आकडे मांडू.

मृत्यू असेल तर मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा घटक. वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेपासून १५,०००. वय ४० ला घटक १८४.१७. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, बरोबर १३,८१,२७५. वय ४५ धरलं तर घटक १६९.४४, रक्कम १२,७०,८००. फरक १,१०,४७५. म्हणून आधारवर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सरोज विरुद्ध इफ्को टोकियो प्रकरणात वयासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याला आधारपेक्षा वर ठेवलंय. अर्जदाराने दाखला दिला असेल तर तो शाळेकडून पडताळून घ्या, आणि खरा निघाला तर त्यावर भांडू नका.

मजुरीचं गणित कलम ५ वरून होतं, सरसकट २६ दिवस लावून नाही. महिन्याच्या वर पण वर्षाच्या आत काम असेल तर त्या सलग कालावधीत मिळालेली एकूण मजुरी गुणिले ३०, भागिले त्या कालावधीचे एकूण दिवस. समजा ४० दिवसांच्या कालावधीत ३४ दिवस भरले. ६०० प्रमाणे २०,४०० झाले, गुणिले ३० भागिले ४०, म्हणजे १५,३००, ते १५,००० वर थांबतं. ४५० प्रमाणे ११,४७५ येतात आणि भरपाई १०,५६,६७५ च्या आसपास. सव्वातीन लाखांचा फरक आहे, म्हणजे खरी लढाई हजेरीपटावर. पण जपून: ४५० हा दर किमान वेतनाच्या खाली गेला तर "मुख्य मालकाच्या डोळ्यांदेखत कमी मजुरी दिली" हा प्रश्न आम्ही विचारणारच, आणि त्याचं उत्तर तुमच्या अभियंत्याकडे नसेल.

व्याज १२ टक्के, सरळ. भरपाई देय होते अपघाताच्या दिवशी, हुकमाच्या दिवशी नाही. प्रताप नारायण सिंग देव निकालापासून हे ठरलेलं आहे आणि २०१२ च्या सिबी जॉर्ज निकालात पुन्हा सांगितलंय. १३,८१,२७५ वर महिन्याला १३,८१२ रुपये ७५ पैसे. २८ जानेवारीला २० महिने भरतात, म्हणजे २,७६,२५५ नुसतं व्याज. वर उशिराबद्दल दंड ५० टक्क्यांपर्यंत, इथे कमाल ६,९०,६३७. दंडाआधी कारण दाखवायची संधी देतात. त्या संधीला "फाईल वरिष्ठ कार्यालयात होती" हे कारण चालत नाही.

ठेकेदाराच्या दोन लाखांबद्दल. मृत्यू प्रकरणात कलम ८ प्रमाणे रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई धरलीच जात नाही. सूट एकच, आगाऊ दिलेली तीन महिन्यांच्या मजुरीएवढी रक्कम, इथे ४५ हजारांच्या आसपास, ती आयुक्त वजा करतात. आणि "यापुढे आमची काही मागणी नाही" हा स्टॅम्प? कलम १७, हक्क सोडण्याचा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. मयताच्या तेराव्याआधी सही घेतलेली असेल तर तो कागद तुमच्याच विरुद्ध जातो. दाखल करूच नका असं माझं मत.

आणखी एक, जे अभिप्रायात हमखास येतं: "मजूर दारू प्यालेला होता." दारू, हुकूम मोडणं, सुरक्षेची साधनं काढून टाकणं हे तिन्ही बचाव मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं की कलम ३ खाली चालत नाहीत. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल असला तरी नाही. विधवेसमोर ते वाक्य लिहून मिळतं काय, तर फक्त आयुक्तांची नाराजी.

निवृत्त_लेखाशाखा

पैशाचं मी सांगतो. पण त्याआधी टेबलवाले, विम्याचं बघितलंत का? वर दोघांनीही तो विषय काढला नाही.

शासकीय निविदेत मजुरांच्या विम्याची अट असते आणि विमा संचालनालय, महाराष्ट्र शासन यांच्याकडून पॉलिसी घ्यायला सांगितलेलं असतं. दोन शक्यता. एक, ठेकेदाराने पॉलिसी काढलीय. तर प्रत काढा, मुदत २८ मे ला चालू होती का बघा, मजुरांची संख्या आणि कामाचं नाव जुळतंय का बघा, आणि वकिलांना विमा संचालनालयाला सामनेवाले करण्याचा अर्ज द्यायला सांगा. दोन, काढली नाही आणि आपण देयकातून विम्यापोटी रक्कम कापली. मग देयकाच्या मागच्या वसुलीच्या तक्त्यात ती रक्कम दिसेल. कापून घेतली आणि पॉलिसीच उतरवली नाही असं निघालं तर ठेकेदारावर ढकलणं अवघड होऊन बसतं. हे कोर्टात कळण्याआधी आपल्याला कळलेलं बरं.

विमा असला तरी दंड विमावाल्यावर पडत नाही. भरपाई आणि व्याज त्यांच्यावर, दंड मालकावर, हे १९९७ च्या वेद प्रकाश गर्ग निकालात आहे. लेखापरीक्षणात मग परिच्छेद निघतो: दंड कुणाच्या दिरंगाईमुळे?

हजेरीपटात ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) नंबर आहे का तेही बघून ठेवा. मजूर विमाधारक असेल तर ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे या कायद्याखालचा दावाच उभा राहत नाही, वारसांना लाभ तिकडून मिळतो. बंधाऱ्याच्या हंगामी मजुरात असं क्वचित सापडतं, पण सापडलं तर सगळं प्रकरणच फिरतं.

आता हेड. न्यायालयाच्या निवाड्याची रक्कम ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२(३)(ङ) प्रमाणे भारित खर्च आहे (विधिमंडळाच्या मतदानाशिवाय थेट राज्याच्या निधीवर पडणारा), दत्तमत (मतदानाने मंजूर होणारा) नव्हे. बांधकामाच्या चालू अनुदानातून गुपचूप भागवू नका. मागणी भारित खाली नोंदवून विभागामार्फत पाठवा. तरतूद नसेल तर पुरवणी मागणी किंवा आकस्मिकता निधीतून अग्रिम. याला वेळ लागतो, म्हणून हुकमाची वाट न बघता वकिलांचा अभिप्राय आला की लगेच संभाव्य दायित्व म्हणून कळवून ठेवायचं. हुकूम झाल्यावर प्रस्ताव सुरू केला तर जप्तीचं पत्र आधी येतं. कलम ३१ प्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे एका सरकारी कार्यालयाचे पैसे वसूल करायला दुसऱ्या सरकारी कार्यालयाचा तलाठी येतो.

आणि आजच करायचं काम: ठेकेदाराची सुरक्षा ठेव आणि शिल्लक देयकं अडवा. त्याच्या दुसऱ्या कामाची देयकं विभागात कुठे पडलीत का बघा. कराराच्या अटीत दायित्वाची रक्कम वळती करण्याचा अधिकार असतो. दोष दायित्व कालावधी संपला म्हणून मागच्या वर्षी ठेव परत करून बसला असाल तर मग कठीण आहे.

सरकारबाजू_कोपू

लेखाशाखांनी बरोबर पकडलं, विमा माझ्याकडून राहिला. कामगारबाजूंच्या मुद्द्याला एक जोड.

कलम ४अ(२) खाली मालकाला जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम तात्पुरती भरता येते, त्याने अर्जदाराचा पुढचा हक्क जात नाही. इथे वय ४५ आणि मजुरी ४५० ही खात्याला सर्वांत अनुकूल बाजू धरली तरी ५,७३७.५० गुणिले १६९.४४, म्हणजे ९,७२,१६२ रुपये होतात. एवढ्याला तरी तोंड द्यावं लागणारच. ते ठेकेदाराकडून किंवा विम्यातून आज जमा करवून घेतले तर तेवढ्यावरचं व्याज थांबतं आणि दंडाच्या नोटिशीला दाखवायला काहीतरी राहतं. असा लेखी अभिप्राय सरकारी वकिलांकडून मागून घ्या. अभिप्राय नस्तीत असला की साहेबांनाही सही करायला धीर येतो. तोंडी सल्ल्यावर कुणी दहा लाख भरत नाही.

कामगारबाजू

भरा, पण "हक्क राखून" या शब्दांवर सगळी इमारत उभी करू नका. एकदा भरल्यावर मालक-मजूर नात्यावर दोन वर्षं भांडण्यात अर्थ उरत नाही. मग वाद वय, मजुरी आणि ठेकेदाराकडून वसुली एवढ्यावर आणा, सहा तारखांत प्रकरण संपतं. २००९ च्या दुरुस्तीने आयुक्तांना तीन महिन्यांत निकाल द्यायला सांगितलंय. तसा तो लागत नाही, त्याचं मोठं कारण सामनेवाल्यांनी साक्षीदार न आणणं.

साक्षीदार कोण, हेही आत्ताच ठरवा. शाखा अभियंता बदलून गेला असेल तर नव्याला उभं करू नका, "मला माहीत नाही, मी तेव्हा नव्हतो" यापलीकडे तो काही बोलू शकत नाही. बदलून गेलेल्यालाच बोलवा. त्याला तीन गोष्टी विचारल्या जातील: त्या दिवशी तुम्ही जागेवर होता का, चेन-पुलीची क्षमता किती होती आणि तपासली कुणी, कमरेला दोर होता का. अडकलेला बरगा किती टनांचा ताण घेतो याचा कुणाला अंदाज नसतो. गाळ धुऊन काढायचा की ओढायचा, हा हुकूम कुणाचा होता यावर सगळं येतं. तसं पाहिलं तर या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण दंड किती लावायचा हे ठरवताना आयुक्त ही उत्तरं वाचतात.

शिरोळकर_७२

मध्येच विचारतो. आमच्याकडे कारखान्याचा वॉचमन पहाटेच्या पाळीला जाताना रस्त्यात गेला. त्याला हाच कायदा?

कामगारबाजू

दैवशाला विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स वाचा, सर्वोच्च न्यायालय, २९ जुलै २०२५. तेही साखर कारखान्याच्या वॉचमनचंच प्रकरण, पहाटे तीनच्या पाळीला जाताना झालेला अपघात. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, वेळ-जागा-कामाचा संबंध जुळत असेल तर, नोकरीतला धरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तिच्या कलम ७४ मध्ये हे उघडच लिहिलंय. टेबलवाल्यांचा अपघात मे २०२४ चा, त्यांनी जुन्याच कायद्यावर चालावं.

बरगेवाला_टेबल

सगळ्यांचे आभार. बंधारा तळापासून १६ फूट आहे आणि वरून ट्रॅक्टर जातात, म्हणजे परिशिष्टाचा मुद्दा गेलाच. देयकात विम्यापोटी कपात दिसतेय, पॉलिसी शोधतोय.

याच टेबलावर अजून दोन नस्त्या आहेत. एक, जुन्या रोजंदारी मजुराची कायम करण्याची तक्रार, औद्योगिक न्यायालयात. दुसरी, निवृत्त चौकीदाराकडून जादा वेतनाची वसुली काढली, तो मॅटला (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) गेलाय. एकच सरकारी वकील दोन्ही बघतात का?

मॅटवारी

नाही, दोन्ही वाटा वेगळ्या. औद्योगिक न्यायालयात सहायक सरकारी वकील. मॅटमध्ये शासनाची बाजू मांडायला सादरकर्ता अधिकारी असतात, मुंबईत, कारण कोल्हापूर मुंबई खंडपीठाखाली येतं. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसतंय म्हणून मॅटही इथे आलं असा बऱ्याच कार्यालयांचा समज झालाय. आलेलं नाही. शपथपत्र घेऊन मुंबईला माणूस पाठवावा लागतो, आणि तो विषय माहीत असलेला हवा. शिपायाबरोबर पाकीट पाठवलं की सादरकर्ता अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी नसतं.

चौकीदाराची नस्ती आधी घ्या, ती सोपी आहे आणि बहुधा हरणारी. सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह निकाल, १८ डिसेंबर २०१४. गट क आणि ड कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, किंवा पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम मिळालेले, यांच्याकडून वसुली नाही. चौकीदार बहुधा तिन्हीत बसतो. वाचायचं एकच ठिकाण राहतं: वेतननिश्चितीच्या वेळी त्याने जादा रक्कम परत करण्याचं हमीपत्र दिलंय का ते सेवापुस्तकात बघा. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात अशा हमीपत्राच्या जोरावर वसुली टिकली, पण तो अधिकारी वर्गातला कर्मचारी होता. चौकीदारावर ते लावताना न्यायाधिकरण फार ऐकून घेत नाही. हमीपत्र नसेल तर वसुली मागे घेण्याचा प्रस्ताव करा, सेवानिवृत्तीची अडकवलेली रक्कम सोडा आणि तसं शपथपत्र द्या. लढवत बसलात तर अडकलेल्या उपदानावर व्याज द्यायला लागतं.

रोजंदारीचं प्रकरण मात्र नीट लढण्यासारखं असू शकतं. "पाटबंधारे उद्योग नाही" हा मुद्दा काढा त्यातून. देस राज विरुद्ध पंजाब, १९८८, तिथे पाटबंधारे खातंच उद्योग ठरलंय. "९० दिवसांत तक्रार नाही" हेही लंगडं, कारण वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवणं ही चालू राहणारी अनुचित प्रथा मानतात. उमादेवी निकाल (नियमबाह्य लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही असं सांगणारा) दाखवाल, तर समोरून कास्ट्राइब येईल, २००९ चा, एसटी महामंडळाचा: अनुचित कामगार प्रथा कायद्यातले औद्योगिक न्यायालयाचे अधिकार उमादेवीने काढून घेतलेले नाहीत. पण त्याच निकालात हेही आहे की पदच नसेल तर कायम करण्याचा हुकूम देता येत नाही. तुमचा जोर तिथे. मंजूर पदांचा आकृतिबंध, रिक्त पदं, आणि महत्त्वाचं म्हणजे ज्येष्ठता यादी: त्याच्या मागून लागलेल्या कुणाला रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर (रोजंदारांना नियमित करून घेतात ती) घेतलंय का? कालेलकर तडजोडीप्रमाणे पाच वर्षं भरलेल्यांना तिथे घेतात. मागच्याला घेतलं आणि याला सोडलं असेल तर वकील कितीही चांगला असो, उत्तर नाही.

हजेरीपट पुरात भिजले असं २०१९ पासून प्रत्येक म्हणण्यात लिहिलं जातं. खरंच भिजले असतील तर त्या वेळचा पंचनामा आणि नष्ट अभिलेखाची यादी जोडा. नुसतं वाक्य लिहिलंत तर न्यायालय खात्याविरुद्ध अनुमान काढतं.

बरगेवाला_टेबल

समजलं. बंधाऱ्याच्या प्रकरणात निकाल विरोधात गेलाच तर अपील कुठे आणि किती दिवसांत?

सरकारबाजू_कोपू

६० दिवस, उच्च न्यायालयात, म्हणजे आता सर्किट बेंचपुढे. कलम ३०. रक्कम जास्त वाटते एवढ्यावर अपील चालत नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. आणि मालकाचं भरपाईविरुद्धचं अपील असेल तर हुकमाची रक्कम आयुक्तांकडे भरल्याचं त्यांचं प्रमाणपत्र अपिलासोबतच जोडावं लागतं. शासन म्हणून त्यातून सुटका नाही. इथेच सरकारी अपिलं पडतात: अपील तयार, पैसे मंजूर नाहीत.

म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज करा, आठवड्यात सरकारी वकिलांचा "अपील योग्य की नाही" अभिप्राय घ्या, आणि विधी व न्याय विभागाकडे प्रस्ताव पाठवताना रक्कम भरण्याची मागणी त्याच दिवशी, वेगळ्या पत्राने, लेखा शाखेकडे द्या. एक मंजूर झाल्यावर दुसरं असं केलं तर ६० दिवस सहज जातात. "फाईल फिरत होती" या कारणावर उशीर माफ होण्याचे दिवस २०१२ च्या पोस्टमास्टर जनरल निकालानंतर संपल्यात जमा आहेत.

निवृत्त_लेखाशाखा

टेबलवाले, पॉलिसी मिळाली की तिच्यावरचा कामाचा क्रमांक कार्यारंभ आदेशाशी ताडून बघा. एकाच ठेकेदाराकडे एका हंगामात चार-पाच बंधारे असतात, आणि पॉलिसी भलत्याच बंधाऱ्याची निघते.